अंगाच्या मापाचं कॉम्प्युटर टेबल : बडोदेकरांचे नेहमीचे प्रश्न

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यापासून मांजलपूरच्या नव्या फ्लॅटपर्यंत, बडोद्यात आता घरोघरी एक कोपरा कॉम्प्युटरचा झाला आहे. सकाळी तिथे ऑफिसचं काम, दुपारी कुणाची टॅली, संध्याकाळी अभ्यास, रात्री गेम. मान-पाठ धरायला लागली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "खुर्ची कोणती घेऊ?" माझ्या मते आधी टेबलाची उंची पाहावी. आपल्याकडे चांगले सुतार आहेत, मकरपुरा जीआयडीसीकडे (औद्योगिक वसाहतीत) लोखंडी काम करणारे आहेत. मग तयार टेबलासाठी आपलं अंग का वाकवायचं? टेबलच अंगाला बेतून घ्या.

सुरुवात कुठून करायची?

कोपरापासून. ज्या खुर्चीवर बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकतात आणि मांड्या जमिनीशी समांतर राहतात अशी घरातली खुर्ची घ्या. घरात चपला घालून वावरत असाल तर चपला घालूनच बसा, नाहीतर अनवाणी. खांदे सैल सोडा, दंड अंगालगत ठेवा, कोपरात काटकोन करा. आता दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंत टेप लावायला सांगा. स्वतःच वाकून मोजायला जाल तर खांदा खाली येतो आणि माप कमी भरतं.

हे तुमचं माप. कीबोर्ड आणि माऊस या पातळीला किंवा बोटभर खाली हवेत.

अंदाज यावा म्हणून सांगते. पाच फूट दोन इंच उंचीच्या व्यक्तीचं हे माप साधारण २४ इंचांच्या आसपास येतं. पाच फूट आठ इंचांच्या माणसाचं २६ ते २७. सहा फुटी माणसाचंसुद्धा २८ च्या थोडं वर. आणि बाजारातलं तयार टेबल? २९ ते ३० इंच. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना, विशेषतः बायकांना आणि शाळकरी मुलांना, ते सरळ सरळ उंच पडतं.

लिहायला थोडं उंच टेबल चालून जातं, कारण वहीवर आपण पुढे झुकून हात टेकतो. टायपिंगला आणि माऊसला ते चालत नाही. खांदे तासन्‌तास उचललेले राहतात आणि संध्याकाळपर्यंत मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू गच्च होतो. ज्यांना वाटतं की आपली पाठच कमजोर आहे, त्यांनी एकदा हे माप घेऊन बघावं.

भारतीय शरीरांची मापं वेगळी घ्यायला हवीत हे काही नवं म्हणणं नाही. शेजारच्या अहमदाबादेत एनआयडीने, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेने, १९९७ साली भारतीय शरीरमापांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, तो डिझाइन करणाऱ्यांनी वापरावा म्हणूनच. पण तो कारखान्यांसाठी सरासरीचा हिशोब झाला. घरच्या टेबलासाठी तुमचं स्वतःचं कोपर पुरेसं आहे.

३० इंची टेबल आधीच घरात आहे. टाकून द्यायचं का?

मुळीच नाही. टेबल सागवानी किंवा साध्या लाकडाचं असेल आणि दुसऱ्या कुणाला उंच लागत नसेल, तर सुताराकडून पाय खालून कापून घ्या. एका बैठकीचं काम आहे. पाय निमुळते किंवा कातीव असतील तर आधी विचारून घ्या, नाहीतर टेबल बेढब दिसतं.

कापायचं नसेल तर उलट करा: खुर्ची वर न्या आणि पायाखाली आधार द्या. पाच फूट दोन इंचांच्या ताईंना ३० इंची टेबलावर बसायचं असेल तर खुर्ची सुमारे सहा इंच वर जाईल आणि पाय तेवढेच अधांतरी लोंबतील. लोंबत्या पायांनी मांडीच्या मागच्या बाजूवर दाब येतो, पायाला मुंग्या येतात. म्हणून खाली सहा इंचांचा आधार हवा. आपल्या घरात पाट असतोच, पण पाट एखाद-दीड इंचाचा. एवढ्याने भागत नाही. सुताराकडे उरलेल्या प्लायचं खोकं करून घ्या, दोन्ही पाय हलवता येतील इतकं रुंद, म्हणजे निदान दीड फूट. देवाचा चौरंग मात्र पायाखाली घेऊ नका, घरातल्या मोठ्यांना ते आवडणार नाही आणि ते बरोबरच आहे.

आणखी एक गोष्ट: सगळ्याच खुर्च्या तितक्या वर जात नाहीत. घेण्याआधी दुकानात खुर्ची पूर्ण वर करून बैठकीची उंची मोजा. या उदाहरणात ती साडेएकवीस इंचांपर्यंत जायला हवी.

मिस्त्री म्हणतात ड्रॉवर हवाच. ठेवू का?

हा प्रश्न लहान वाटतो, पण टेबल बिघडतं ते इथेच. मिस्त्रींशी होणारं बोलणं ठरलेलं असतं. आपण २५ इंच म्हटलं की ते टेप गुंडाळत म्हणतात, "त्रीस इंच तो स्टँडर्ड छे, बेन." मग आपण हट्ट धरून उंची कमी करून घेतो आणि ते मायेने विचारतात, "आणि ड्रॉवर?" आपण हो म्हणतो, कारण टेबलाला ड्रॉवर असतोच.

आता हिशोब बघा. आपल्या पाच फूट दोन इंचांच्या ताई जमिनीपासून सुमारे साडेपंधरा इंचांवर बसल्या आहेत. मांडीची जाडी धरली की गुडघ्याजवळ वरची पातळी २१ इंचांपर्यंत येते. टेबलाचा वरचा पृष्ठभाग २४ इंचांवर, त्यातून पाऊण इंच प्लाय गेला. म्हणजे मांडी आणि फळीच्या मध्ये दोन इंच मोकळे. तिथे चार इंचांचा ड्रॉवर बसवला तर तो मांडीतच शिरेल. मग काय होतं? मिस्त्री टेबल गुपचूप चार इंच वाढवतात, आणि आपण परत २८ वर.

म्हणून मांड्यांच्या वर काहीही नको: ड्रॉवर नाही, सरकता कीबोर्डचा खण नाही, आडवी पट्टी नाही. फळीला बाक येऊ नये म्हणून खालून आधार लागतोच, तर तो मागच्या कडेला, भिंतीच्या बाजूला द्या. वस्तू ठेवायला चाकांची छोटी कपाटिका करून घ्या, ती टेबलाच्या डाव्या-उजव्या बाजूला राहील. पाय हलवायला मोकळी जागा रुंदीत निदान दोन फूट हवी.

फळी, सनमायका, पाय: मिस्त्रीला नेमकं काय सांगायचं?

प्लाय १८ किंवा १९ मिलीमीटरचा. पूर्ण शीट आठ बाय चार फुटांचं येतं, त्यातून चार फूट बाय दोन फुटांच्या चार फळ्या निघतात. पण मला विचाराल तर टेबलाची खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचं माप, दोन फुटांवर थांबवू नका, अडीच फूट घ्या. मॉनिटर मागे सरकवायला आणि पुढे हात टेकवायला ती सहा इंच जागाच कामी येते. रुंदी एका मॉनिटरला चार फूट, दोन मॉनिटर किंवा मोठा माऊसपॅड असेल तर पाच.

घरातल्या कोरड्या खोलीला आयएस ३०३ या भारतीय मानकातला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तग धरणाऱ्या) प्रतीचा प्लाय पुरतो. आयएस ७१० चा मरीन प्लाय लोक सरसकट सुचवतात, त्याची इथे गरज नाही. पैसे खुर्चीसाठी वाचवा. पार्टिकल बोर्ड मात्र टाळाच. मॉनिटरच्या वजनाने मध्यात बाक येतो आणि पावसाळ्यात ओल लागली की कडा फुगतात. वाळवीचा इतिहास असलेलं घर असेल तर पाय लोखंडी घ्या.

सनमायका मॅट हवी. चकचकीत घेतली तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिवसभर डोळ्यांत येईल. पांढरी शुभ्र आणि काळी कुळकुळीत, दोन्ही टाळून मधला रंग घ्या. पुढची कड गोल करून मागा. मिस्त्री सरळ काटकोनी कड ठेवतात, ती दिसायला सुबक असते, पण मनगटाच्या वरच्या भागाला रोज काही तास तीच टोचत असते. दोन-तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गोलाई मागा आणि काम घेताना त्या कडेवरून उघडा हात फिरवून बघा.

घरात संखेड्याची खुर्ची आहे. तीच वापरली तर?

संखेड्याचं फर्निचर बडोदेकरांच्या घरात मानाने असतं, आणि त्या लाखकामाची, कातीव पायांची नजाकत मलाही प्रिय आहे. पाहुण्यांसाठी, झोपाळ्यासमोर, पत्र लिहायला ती उत्तम. पण तिची उंची बदलत नाही, पाठ सरळ आणि कडक असते. तासाभराच्या कामाला हरकत नाही, मागे छोटी उशी घ्या. पूर्ण दिवसाच्या कामाला ती नको.

गेमिंग चेअर घ्यावी की ऑफिसची?

ऑफिसची, जाळीच्या पाठीची. गेमिंग चेअरचा आकार शर्यतीच्या गाडीतल्या सीटवरून आला आहे. गाडीत दोन्ही बाजूंचे उंचवटे वळणावर अंग धरून ठेवायला असतात. टेबलाशी बसलेला माणूस कुठे वळणावर झुकतो? उलट ते उंचवटे मांड्या आणि खांदे आत दाबतात. अंगाने भरलेल्या माणसाला तर त्यात मांडी बदलून बसताच येत नाही.

दुसरं कारण बडोद्याचं हवामान. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, पुढे जुलैमध्ये दमटपणा. बहुतेक गेमिंग चेअरवर कृत्रिम चामडं असतं. ते घामाने चिकटतं आणि काही वर्षांत त्याच्या खपल्या निघायला लागतात. जाळीतून वारा खेळतो. जाळीच्या खुर्चीचा विचार रूढ केला तो हर्मन मिलर कंपनीच्या १९९४ सालच्या एरॉन खुर्चीने. ती खुर्ची कपड्यांसारखी तीन मापांत निघाली होती, आणि मला तिची हीच गोष्ट जाळीपेक्षा मोलाची वाटते: एकच खुर्ची सगळ्यांना होत नाही हे कुणीतरी मान्य केलं.

घरातल्या मुलाचं मन गेमिंग चेअरवरच असेल तर भांडू नका. कापडी आवरणाची, सपाट बैठकीची घ्या.

दुकानात खुर्ची तपासायची कशी?

बसून, आणि घाई न करता. बैठकीला पूर्ण मागे टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जातील इतकी फट हवी. फट नसेल तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे. तुम्ही पुढे सरकून बसाल आणि पाठीचा आधार वाया जाईल. कमरेचा उंचवटा पँटच्या पट्ट्याच्या थोडा वर लागला पाहिजे. हाताचे दांडे वर-खाली होणारे घ्या. दांडे टेबलाखाली जात नसतील तर खुर्ची टेबलाशी येतच नाही आणि आपण पुढे ओणवतो. अशा वेळी दांडे काढून टाकलेले बरे.

पाठ काटकोनात ताठ ठेवायची हा जुना शाळेचा नियम विसरा. १०० ते ११० अंशांपर्यंत थोडं मागे रेलून बसलं की वजन खुर्चीच्या पाठीवर जातं आणि मणक्याला आराम पडतो. फरशी गुळगुळीत असेल तर कडक नायलॉनच्या चाकांऐवजी रबरासारखी मऊ चाकं मागा, खुर्ची आपोआप घसरत नाही.

मॉनिटर किती उंच, किती लांब?

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. हात समोर सरळ केला की बोटांची टोकं पडद्याला लागावीत, म्हणजे ५० ते ७५ सेंटीमीटर. २७ इंची मॉनिटर थोडा मागे, २४ इंची थोडा जवळ.

ज्यांना जवळचा-लांबचा एकत्र चष्मा आहे त्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा. असे काका-काकू पडद्यावरचं वाचायला हनुवटी वर करतात, कारण जवळची भिंग चष्म्याच्या खालच्या भागात असते, आणि मग मानेचा मागचा भाग दुखतो. पडदा तीन-चार इंच खाली आणि थोडा मागे कलता केला की हनुवटी आपोआप खाली येते. फार वेळ काम असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्याचं अंतर सेंटीमीटरमध्ये सांगून फक्त कॉम्प्युटरचा चष्मा करून घ्या.

दोन मॉनिटर सारखेच वापरत असाल तर जोड मधोमध. एक जास्त वापरत असाल तर तो समोर आणि दुसरा बाजूला तिरका.

टेबल दोन फुटीच असेल तर क्लँपचा मॉनिटर आर्म, म्हणजे टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा, मॉनिटर धरणारा हात घ्या, स्टँडची जागा वाचते. मॉनिटरच्या मागे ७५ किंवा १०० मिलीमीटर अंतरावर चार भोकं आहेत ना, ते आधी बघा. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतीत स्क्रू नीट धरत नाही, म्हणून भिंतीवरच्या ब्रॅकेटपेक्षा टेबलाचा क्लँपच भरवशाचा. काचेच्या टेबलावर मात्र क्लँप लावू नका.

माझ्याकडे फक्त लॅपटॉप आहे.

लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळा एकाला एक जोडलेल्या, म्हणून एक बरोबर ठेवलं की दुसरं चुकतंच. उपाय एकच: लॅपटॉप वर उचला आणि कीबोर्ड-माऊस वेगळे घ्या. स्टँड विकत घ्यायलाच हवा असं नाही, जाड पुस्तकांचा गठ्ठा चालतो. फक्त खालची हवेची जाळी झाकू नका.

गेमसाठी माऊस आणि कीबोर्ड कसे मांडायचे?

टाईप करताना जी आणि एच या कळांमधली फट बेंबीसमोर यावी. गेममध्ये डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी वर असतो, तेव्हा कीबोर्ड डावीकडे सरकवा, म्हणजे दोन्ही हात खांद्यांच्या रुंदीत राहतात. बऱ्याच मुलांचा उजवा खांदा दुखतो त्याचं कारण आकड्यांचा भाग असलेला लांब कीबोर्ड: त्याच्यामुळे माऊस चार इंच बाहेर जातो आणि हात सतत अंगापासून दूर धरावा लागतो. आकड्यांचा भाग नसलेला कीबोर्ड घेतला की हा त्रास बहुतेक जातो.

नेमबाजीचे गेम खेळणारे माऊसचा वेग कमी ठेवतात आणि मनगटाऐवजी कोपरापासून हात फिरवतात. हे शरीराच्याही भल्याचं आहे, कारण मनगट तेच तेच वळण घेत नाही. पण त्यासाठी जागा लागते. ४० सेंटीमीटर रुंद पॅड कमीत कमी, ९० बाय ४० चा मोठा पॅड असेल तर उत्तम. मागून येणारी माऊसची वायर टेबलाच्या कडेला अडकते का बघा. अडकली की मुलं नकळत हात वर धरून खेळतात.

कीबोर्डचे मागचे छोटे पाय उघडू नका. ते उघडले की मनगट वर मुडपतं.

एकच टेबल: दिवसा आईची टॅली, रात्री मुलाचा गेम. कसं जमवायचं?

टेबल घरातल्या बुटक्या व्यक्तीच्या मापाने करा. उंच माणसासाठी टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे देता येतात, बुटक्यासाठी टेबल खाली नेता येत नाही. फरक दोन-तीन इंचांचाच असेल तर ठोकळ्यांचीही गरज नाही. खुर्ची वर-खाली केली आणि मॉनिटर हलवला की भागतं.

टॅलीला आकड्यांच्या कळा लागतातच. वेगळा, वायरचा छोटा नंबरपॅड मिळतो. तो आईने डाव्या बाजूला ठेवायची सवय केली तर उजवा हात माऊसला मोकळा राहतो. सुरुवातीचे काही दिवस हात अडखळतो, मग बसतो. सवय होत नसेल तर उजवीकडे ठेवा आणि माऊस कमी वापरा, टॅलीत बहुतेक कामं कळांनीच होतात.

खुर्चीच्या दांडीवर रंगीत चिकटपट्टीने आईची आणि मुलाची उंची खुणावून ठेवा. रोज रात्री कुणी वर करतं, सकाळी कुणी तशीच बसते, आणि दुखणं आईच्या वाट्याला येतं. हे होऊ देऊ नका.

वाड्यातली अंधारी खोली आहे. उजेडाचं काय?

खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला यावी. समोर आली तर डोळे दिपतात, मागे आली तर पडद्यावर चमक. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी तीननंतर जाड पडदा ओढा. रात्री पूर्ण अंधारात फक्त पडद्याच्या उजेडात खेळू नका. मॉनिटरच्या मागे भिंतीवर पडेल असा छोटा दिवा लावा, डोळ्यांवरचा ताण उतरतो. रंग बदलणाऱ्या पट्ट्या शोभेला ठीक, त्या उजेडात कागद वाचता येत नाही.

पंख्याचा किंवा एसीचा झोत सरळ चेहऱ्यावर नको, डोळे कोरडे पडतात. आणि सीपीयूचा डबा टेबलाखालच्या बंद कपाटात कोंडू नका. मागे वीतभर जागा सोडा आणि उन्हाळ्याआधी धूळ काढून घ्या.

विजेची काय काळजी घ्यावी?

सीपीयूच्या डब्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर सगळं बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंगची तार कित्येकदा नसतेच. बाकी कामांआधी हे.

आपल्याकडे २३० व्होल्ट, तेव्हा ६ अँपिअरच्या प्लगवर हिशोबाने १३८० वॅटपर्यंत भार जातो. कॉम्प्युटर आणि मॉनिटर त्यात बसतात, पण त्याच बोर्डावर इस्त्री किंवा हीटर लावू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, तो काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याहून मोठा लागेल.

उभं राहून काम करायचं टेबल घ्यावं का?

घेतलंत तर चांगलं, नाही घेतलंत तर अडत नाही. दिवसभर उभं राहणंही पायांच्या शिरांना त्रासाचं असतं; खरा फायदा बदलण्यात आहे. स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभं राहता येईल का, असं अनेकजणी विचारतात. ओटा बहुधा ३२ ते ३४ इंचांचा, आणि पाच फूट दोन इंचांच्या बाईंचं उभ्याने कोपर ३९ इंचांच्या आसपास. म्हणजे पाच-सहा इंचांचं खोकं खाली हवं, आणि ते गॅस व नळापासून दूर.

झोपाळ्यावर किंवा जमिनीवर बसून?

झोपाळ्यावर लॅपटॉप घेऊन टायपिंग नको: पडदा खाली, मान खाली, पायांनी झोका आवरायचा, सगळंच अंगावर येतं. फोनवर बोलायचं असेल तेव्हा मात्र टेबल सोडून झोपाळ्यावर जा. अंग मोकळं होतं, आणि नजर अंगणापर्यंत लांब जाते. जमिनीवर मांडी घालून चौरंगावर काम करायची सवय ज्यांना आहे त्यांनी थोडा वेळ जरूर करावं. गुडघे दुखत असतील तर नको.

डोळे चुरचुरतात. निळ्या प्रकाशाचा चष्मा घेऊ?

त्यावर पैसे घालू नका. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने झालेल्या चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात डोळ्यांचा ताण अशा चष्म्याने अल्पकाळात कमी होतो असं दिसलं नाही. पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, खरं कारण बहुधा ते असतं. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा. अर्ध्या-पाऊण तासाने उठा. गेममध्ये मध्येच उठता येत नाही हे मान्य, पण एक डाव संपून दुसरा सुरू होईपर्यंत पाणी प्यायला जाता येतं.

टेबल-खुर्ची सगळं नीट करूनही दुखतंय.

मग डॉक्टरांकडे जा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबत असू शकते. करंगळी आणि अनामिका असेल तर कोपराजवळची. हे पट्टे बांधून अंगावर काढू नका, लवकर दाखवलं तर उपचार सोपे असतात. पायातली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं हे तर त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याचं लक्षण. खाजगी परवडत नसेल तर सयाजी रुग्णालयातही हाडांचा विभाग आहे.

पैसे थोडे आहेत. आधी काय, नंतर काय?

पायाखालचं खोकं आणि वेगळा कीबोर्ड-माऊस सगळ्यात आधी, कारण त्यांत थोड्या पैशांत जास्त आराम आहे. मग टेबलाची उंची. मग खुर्ची, आणि तिथे हात आखडू नका. ऑफिस बंद होताना निघालेल्या चांगल्या प्रतीच्या जुन्या खुर्च्या नव्या स्वस्त खुर्चीपेक्षा कधीही बऱ्या, फक्त खुर्ची वर-खाली करणारा गॅसचा दांडा आपोआप खाली बसत नाही ना ते बसून बघा. मॉनिटर त्यानंतर. गेमसाठी वेगवान मॉनिटर हवा असतो, पण दुखऱ्या मनगटाने त्याचा काय उपयोग?

भाड्याचं घर आहे. एवढं करून घेतलेलं टेबल पुढच्या घरी नेता येईल?

येईल, पण आधी सांगून ठेवावं लागतं. लोखंडी पाय वेल्डिंगने एकसंध करू नका. दोन बाजूच्या चौकटी आणि मागची पट्टी वेगळी करून नटबोल्टने जोडायला सांगा. फळीला खालून लोखंडी पट्ट्यांतून स्क्रू, म्हणजे ती सुटते. पायांच्या तळाला फिरवून कमी-जास्त होणाऱ्या गोट्या लावून घ्या, नव्या घराची फरशी समपातळीत असेलच असं नाही. आणि फळी कापण्याआधी जिना मोजा. वाड्याचे जिने अरुंद आणि मध्येच वळणारे, त्यातून पाच फूट बाय अडीच फुटांची फळी उभी करूनही वळत नाही. तसा जिना असेल तर फळी दोन तुकड्यांत करून खालून पट्टीने जोडा, आणि जोड बसणाऱ्याच्या पुढ्यात येणार नाही, मॉनिटरच्या बाजूला जाईल असं बघा.